लेझर कापतं झकास. परीक्षा होते ती मे महिन्यात आणि शिरोरेषेवर

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीच्या पट्ट्यातल्या एका सामुदायिक कार्यशाळेतल्या लेझरबद्दल हे लिहितोय. पत्र्याच्या गाळ्यात ६० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या ट्यूबचं) लेझर आहे. बेड १३०० बाय ९०० मिलिमीटरचा, कंट्रोलर रुइडा कंपनीचा, काचेची ट्यूब पाण्यावर थंड होते. साइनबोर्डवाल्यांकडे असतं तसलंच यंत्र. फरक एवढाच की इथे फाईल तुमची, शीट तुम्हीच लावायची आणि बटणही तुम्हीच दाबायचं. पैसे मिनिटांवर, म्हणून बराचसा खर्च घरून काय तयार करून नेलंय यावरच ठरतो.

आधी ट्यूबचं बोलू. या ट्यूबला पाणी साधारण २० ते २५ अंशांचं लागतं. ते ३० च्या वर गेलं की ताकद पडते, कालपर्यंत आरपार कापलं जाणारं एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेला बोर्ड) आज खालून चिकटून राहतं, आणि तशीच चालवली तर ट्यूबचं आयुष्य घटतं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४१-४२ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. अशा हवेत नुसता पंखा आणि रेडिएटर असलेला सीडब्ल्यू-३००० कुलर काही कामाचा नाही, कारण तो पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेला सीडब्ल्यू-५२०० चिलरच पाहिजे. इथे तो आहे, हा या जागेचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. तरी एप्रिल-मेमध्ये सकाळचाच वेळ घ्या. दुपारी तीनला चिलरलाही धाप लागते.

पावसाळ्यात उलटी गंमत. जुलैच्या दमट हवेत चिलर १८-२० वर ठेवला तर ट्यूबच्या टोकावर आणि आरशावर दव धरतं. त्याने बीम विखुरतो, आणि हाय व्होल्टेजच्या टोकाशी ओल आली तर ठिणगी उडते. म्हणून पावसाळ्यात सेटिंग २४-२५ वर न्यायचं. इथे बारा महिने एकच आकडा असतो. काम सुरू करण्याआधी चिलरच्या पडद्यावर नजर टाका आणि ऑपरेटरदादांना सांगून बदलून घ्या.

टाकीत डिस्टिल्ड वॉटरच असल्याची खात्री करा. बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो. बोअरचं पाणी घातलं की ट्यूबमध्ये क्षार बसतात, आणि ते मग निघत नाहीत. आणखी एक तपासणी अर्ध्या मिनिटात होते: चिलर बंद करून पल्स बटण (लेझरचा एक झटका सोडणारं) दाबा. लेझर पेटता कामा नये. पेटलं, तर पाण्याचा सेन्सर कुणीतरी बायपास केलेला आहे. तिथे काम करू नका. इथे पेटलं नाही.

लाईट गेली तर शीटला हात लावू नका. कंट्रोलरला कुठवर कापलं ते आठवतं आणि पुढून सुरू करता येतं, पण शीट केसभर जरी हलली तरी दुसरी रेघ पहिलीवर बसत नाही.

आता मराठी अक्षरं. इथे येणाऱ्या कामांत नावाच्या पाट्याच जास्त, आणि बिघडतातही त्याच. इंग्रजी अक्षर सुटंसुटं असतं. आपलं शिरोरेषेवर लटकलेलं असतं. कोरल ड्रॉमध्ये ‘गायकवाड’ लिहून कन्व्हर्ट टू कर्व्ज केलं, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेघा केल्या, की पडद्यावर सगळं सलग दिसतं, पण प्रत्यक्षात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. यंत्र त्या चढलेल्या कडाही इमानदारीने कापतं आणि हातात सात तुकडे येतात. उपाय एकच: कर्व्ज केल्यावर सगळं निवडून वेल्ड करा, म्हणजे सगळ्या आकारांची मिळून एकच कड होते. इंकस्केप सॉफ्टवेअरमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ, अनग्रुप, मग युनियन. खात्री करायची तर आउटलाइन व्ह्यूमध्ये बघा; शिरोरेषेच्या आत एकही उभी रेघ दिसायला नको.

एवढं करूनही ‘शिंदे’मधला अनुस्वार सुटतोच. तो एकतर मागच्या पट्टीवर वेगळा चिकटवा, नाहीतर दीड-दोन मिलिमीटर खाली ओढून शिरोरेषेला टेकवा आणि परत वेल्ड करा. दुसरा मार्ग टिकाऊ. ग, ण, श ही अक्षरं दोन भागांची असतात आणि फक्त शिरोरेषेने जोडलेली राहतात, म्हणून डिझाइनच्या हौसेपोटी शिरोरेषा काढली की ती दुभंगतात. ६० मिलिमीटर उंचीच्या अक्षराला ३ मिलिमीटर ॲक्रिलिकमध्ये शिरोरेषा किमान ४ मिलिमीटर जाड ठेवा. वेलांटीचा वरचा वळसा बारीक असेल तर तोही फुगवून घ्या. पाटी पुसताना पहिल्यांदा तोच तुटतो.

स्टेन्सिलला हाच हिशेब पालथा. तिथे शिरोरेषा म्हणजे एक लांबलचक फट, आणि तिच्याखालची शीट झोळीसारखी लोंबते. दर अक्षरामागे शिरोरेषेत २-३ मिलिमीटरचा पूल सोडावा लागतो. व, ब, क यांच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून तिथेही दोन पूल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव रंगवायला स्टेन्सिल नेणारे हा पूल हमखास विसरतात.

डीटीपीवाल्याकडची जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली फाईल जशीच्या तशी नेऊ नका. इथल्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर नावाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उघडते. कर्व्ज करूनच न्या. डीएक्सएफ (कॅडची ड्रॉइंग फाईल) उघडल्यावर एक माप आधी तपासा. इंच आणि मिलिमीटरचा घोळ झाला की वस्तू २५.४ पट मोठी किंवा छोटी होते. मोठी झालेली लगेच कळते, छोटी झालेली कापून झाल्यावर.

शीट. टिंबर मार्टवाल्याकडून आठ बाय चारची घेतली तर तिथेच चार तुकडे करून घ्या. ४ बाय २ फुटांचा तुकडा म्हणजे १२२० बाय ६१० मिलिमीटर, बेडवर आरामात बसतो. एमडीएफ ३ मिलिमीटरचं म्हणून मिळतं, व्हर्नियर लावला तर कधी २.७ निघतं, कधी ३.१. डब्यांच्या खाचा करणाऱ्यांनी हे विसरू नये. लेझरचा किरण स्वतःच्या जाडीएवढं लाकूड जाळतो. इथल्या यंत्रावर ३ मिलिमीटर एमडीएफमध्ये ते साधारण ०.१८ मिलिमीटर भरतं. शीट २.८ ची असेल तर खाच २.६२ ची काढा, कापल्यावर २.८ ची होते आणि सांधा फेव्हिकॉलशिवायही धरतो. ॲक्रिलिकला मात्र असा घट्ट सांधा देऊ नका, कोपऱ्यातून तडा जातो, ०.१ ची मोकळीक ठेवा आणि क्लोरोफॉर्मने जोडा. कापलेली कड थिनर किंवा स्पिरिटने पुसली तर तिच्यावर बारीक भेगांचं जाळं उमटतं. साबणाचं पाणी पुरतं.

ॲक्रिलिक ‘कास्ट’ (साच्यात ओतून केलेलं) मागून घ्या. एनग्रेव्ह केल्यावर, म्हणजे वरवर खोदल्यावर, पांढरं, दुधी अक्षर कास्टवरच उठतं. एक्सट्रूडेडवर (यंत्रातून दाबून काढलेल्या शीटवर) ते फिकट, जवळपास न दिसणारं येतं. नुसतंच कापायचं असेल तर एक्सट्रूडेड चालतं. वॉटरप्रूफ प्लायचा आग्रह सोडा. त्यातला फिनॉलिक गोंद लेझरला दाद देत नाही, दोन फेऱ्या मारल्या तरी ठिकठिकाणी चिकटून राहतं आणि कड कोळशासारखी होते.

सनबोर्ड आणायचाच नाही. तो पीव्हीसी असतो, जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. छातीला त्रास होतोच, शिवाय यंत्राच्या रेल आणि स्क्रू गंजतात. व्हिनाइल स्टिकर आणि रेक्झिन याच पंगतीतले. शंका असेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. ही चाचणी मोकळ्या हवेत करा. दारावर मनाई असलेल्या वस्तूंची यादी लावायला हवी होती. ती नाही, आणि हा दोष छोटा नाही.

सेटिंग म्हणाल तर ३ मिलिमीटर एमडीएफ: ६० टक्के पॉवर, सेकंदाला १५ मिलिमीटर. ३ मिलिमीटर ॲक्रिलिक: ६० टक्के, १२. ५ मिलिमीटर ॲक्रिलिक: ७० टक्के, ६ ते ७. हे आकडे सुरुवात करण्यापुरतेच. कोपऱ्यात २० मिलिमीटरचा चौकोन कापून बघा आणि मग ठरवा. इथे बेडच्या लांबच्या कोपऱ्यात ताकद कमी पडते. बीम वळवून नेणारे आरसे थोडे सरकलेत: जवळ नेम बरोबर बसतो, लांब गेलं की चुकतो. चारही कोपऱ्यांवर मास्किंग टेप लावून एकेक पल्स मारला की कळतं. तोवर काम ट्यूबच्या बाजूच्या अर्ध्या बेडवरच मांडा.

मिनिटांच्या हिशेबात सगळ्यात महाग एनग्रेव्हिंग. २०० बाय १०० मिलिमीटरची पट्टी पूर्ण भरून खोदायची, ओळींमधलं अंतर ०.१, वेग सेकंदाला ३००, तर १००० ओळी होतात. लेझरचं डोकं वळायचा वेळ धरून १५ मिनिटं जातात. तीच पट्टी बाहेरून कापायला ५० सेकंदही नाहीत. म्हणून नक्षी भरून खोदण्याऐवजी रेघांनी काढा: कमी पॉवर, जास्त वेग, वरवरची रेघ. पैठणीचा बांगडी मोर यासाठी सोन्यासारखा आहे. मागावर तो धाग्यांच्या चौकटीत विणलेला असतो, कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या. त्या गुळगुळीत करू नका, पायऱ्याच ठेवा. गोल केला की तो कुठलाही मोर होतो, पैठणचा राहत नाही.

जाळीची कामं इथे झकास होतात. बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळ्या डोळ्यांसमोर असल्यावर दिव्याची शेड करावीशी वाटणारच. पण फोटोवरून ट्रेस मारलेली जाळी आणू नका. रेषेवर हजारो नोड्स (बिंदू) येतात, डोकं थरथरत चालतं आणि रेषा कातरलेली दिसते. एक घटक हाताने काढा आणि तो पुनःपुन्हा मांडा. शेजारच्या घटकांच्या सामाईक रेघा दोनदा येतात, त्यातली एक पुसा. नाहीतर तीच रेघ दोनदा जळते आणि काळी पडते. पट्टीची रुंदी शीटच्या जाडीपेक्षा कमी नको. आतली छिद्रं आधी, बाहेरची कड शेवटी, हा क्रम सॉफ्टवेअरमध्ये लावा. कड आधी कापली तर तुकडा सरकतो आणि उरलेली जाळी वाकडी येते. भोकांतून सुटलेले चिमुकले तुकडे कधी हनीकोंबवर (शीटखालच्या जाळीवर) उभे राहतात आणि नोजलला धडकतात, तेव्हा समोरून हलू नका.

गणपतीच्या मखरासाठी, २०१८ च्या थर्माकोल बंदीनंतर, ३ मिलिमीटर एमडीएफची जाळी आणि ६ मिलिमीटरची चौकट हा जम बसलेला मार्ग आहे. रंग कापण्याआधी मारा. नंतर मारला की काजळी ब्रशला लागते आणि पांढरा रंग राखाडी होतो. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली तर धुराचे डागही टेपवरच राहतात. मखराचा भाग खाचा-खिट्ट्यांनी सुटा होणारा करा, पुढच्या वर्षी माळ्यावरून सपाट खाली येतो. रुखवतातल्या वस्तूंनाही हीच पद्धत. बाहेरच्या दाराला एमडीएफची पाटी मात्र लावू नका, एका पावसाळ्यात कडा फुगतात.

पितळी पाटी, तांब्याची समई, स्टीलचा डबा घेऊन येणाऱ्यांची इथे फेरी फुकट जाते. सीओटू लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन; उघडा धातू ती परतवून लावतो. त्याला फायबर लेझर लागतं, आणि तसली जॉबवर्कवाली मंडळी याच एमआयडीसीत सापडतात. काचेवर, ग्रॅनाइटवर नाव कोरता येतं.

सेवेबद्दल थोडक्यात. ऑपरेटरदादा जाणकार आहेत, नवख्याला फोकसचा ठोकळा (लेन्स आणि शीटमधलं अंतर लावायचा) कसा लावायचा ते न कंटाळता दाखवतात. एअर असिस्टचा, म्हणजे कापताना हवेचा झोत मारणारा, कॉम्प्रेसर ठीक. एक्झॉस्ट कमजोर, एमडीएफची दोन-तीन शीट सलग कापली की डोळे चुरचुरतात, तेव्हा मध्ये पाच मिनिटं थांबा. लेन्स रोज पुसली जाते असं दिसत नाही. काम सुरू करण्याआधी ती काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या बोळ्याने पुसून मागा. काजळी बसलेली लेन्स तापते आणि तडकते. भिंतीवर अडकवलेलं अग्निशामक पावडरचं आहे. ते एकदा फवारलं की आरसे, लेन्स, रेल सगळ्यांत पावडर जाते. सीओटूचं सिलिंडर हवं. ते येईपर्यंत पाण्याची स्प्रेची बाटली हाताशी ठेवा आणि लेझर चालू असताना चहाला जाऊ नका. ॲक्रिलिक एअर असिस्टशिवाय कापलं तर ज्योत धरतं आणि ती आपोआप विझत नाही.

पाच पैकी साडेतीन. आरसे जुळवले आणि एक्झॉस्ट बदलला तर चार. गणपतीआधीच्या महिन्यात रांग लागते, तेव्हा मखराच्या फाईली जुलैतच कापून घ्या, आणि चिलर तेवढा २५ वर असल्याचं बघा.