रोखीचं काम की मस्टरवरचं? बांधकामावर जाणाऱ्याने ताडून पाहायचा हिशोब

एकाच गवंड्याला एकाच आठवड्यात दोन ठेकेदार विचारतात. पहिला म्हणतो, 800 रुपये रोज, मस्टरवर म्हणजे हजेरीपटावर नाव, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापून पैसे बँकेत. दुसरा म्हणतो, 850 देतो, शनिवारी रोख, कापाकापी काही नाही. पुण्यात वारज्याच्या किंवा डांगे चौकाच्या नाक्यावर उभं राहणाऱ्यांना हे नवीन नाही. मी साइटवर हजेरी आणि मस्टर सांभाळतो, त्यामुळे दोन्हीकडचे हिशोब रोज हाताखालून जातात. माझं मत आधीच सांगतो: काम महिनाभराच्या वर चालणार असेल तर 800 वालं घ्या.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. रोख मजुरी देणं हा काही गुन्हा नाही, कायद्याने नोटांतही पगार देता येतो. रजिस्टरवर सही घेऊन, चिठ्ठी देऊन कोणी रोख देत असेल तर घाबरायचं कारण नाही. धोका बिननोंदीच्या रोखीत आहे, जिथे तुम्ही त्या साइटवर होतात हे सांगणारा एकही कागद नसतो.

हातात काय पडतं

26 हजेऱ्या धरा. रोखीत 22,100 मिळतात. मस्टरवर 20,800 होतात. पीएफ बहुतेक ठिकाणी 15,000 वरच कापतात, त्याचे 12 टक्के म्हणजे 1,800. ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे 156, व्यवसाय कर 200. हातात येतात 18,644. फरक 3,456 रुपयांचा, आणि घरभाडं, किराणा, गावाला पाठवायचे पैसे असं सगळं डोक्यावर असताना तो मोठा वाटणारच.

पण यातले 1,800 कुठे गेले नाहीत, ते तुमच्याच खात्यात आहेत. ठेकेदाराच्या 1,800 पैकी 550 त्याच खात्यात येतात, उरलेले 1,250 पेन्शनला जातात. म्हणजे 2,350 तुमचेच, वर व्याज. 2024-25 साठी ते 8.25 टक्के होतं. खरा तोटा उरला 1,106 रुपयांचा. त्या बदल्यात पेन्शनचे 1,250 आणि ठेकेदाराने ईएसआयला भरलेले 676 तुमच्या नावावर पडतात. पेन्शन मिळायला 10 वर्षांची नोकरी लागते, म्हणून साइट बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवा. नवा ठेकेदार नवा नंबर काढायला लागला तर जुना दाखवा.

मस्टरवाल्यांतही लबाड आहेत. काही जण कापतात आणि भरत नाहीत. काही जण स्वतःचा हिस्साही मजुराच्याच रोजातून वळता करतात, जे सरळसरळ बेकायदा आहे. सरकारच्या उमंग अॅपवर पीएफचं पासबुक दिसतं. दोन महिने पैसे जमा झालेले दिसले नाहीत, तर मस्टरचा तो कागद तुमच्या उपयोगाचा नाही.

पडल्यावर

रोजच्या पन्नास रुपयांचा प्रश्न इथे संपतो.

सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याच्या, प्लेटा काढताना माणूस खाली येतो. दवाखान्यात नेईपर्यंत मुकादम कानात सांगतो, ‘घरी जिन्यावरून पडलो म्हण, सगळा खर्च मालक बघतो.’ वेदनेत माणूस हो म्हणतो. डॉक्टर केसपेपरवर तेच लिहितात, पोलिसांकडे तेच जातं, आणि पुढे भरपाई मागताना तो एक शब्द आडवा येतो. खर्च पहिल्या ऑपरेशनपुरता होतो, मग काही हजार हातावर ठेवून गाडीत बसवून देतात. मी हे जवळून पाहिलं आहे आणि अजून राग जात नाही. म्हणून कळकळीने सांगतो: काहीही झालं तरी केसपेपरवर ‘कामावर, अमुक साइटवर, पडलो’ हेच लिहून घ्या. शुद्ध नसेल तर सोबतच्या माणसाने हे काम करावं.

ईएसआय असेल तर कामावरच्या अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. उपचार त्यांच्याकडे, आणि कामावर जाता येत नाही तोवर रोजाच्या 90 टक्के, म्हणजे 800 वर 720 रुपये. माणूस गेला तर घरच्यांना दरमहा रक्कम मिळते. ही सोय 21,000 रुपये महिन्यापर्यंतच्या पगाराला आहे.

ईएसआय नसेल तर नुकसानभरपाईचा कायदा आहे. तो 1923 चा, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग गुणिले कायद्याच्या तक्त्यात त्या वयासाठी दिलेला आकडा. मजुरी जास्तीत जास्त 15,000 धरतात. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा 207.98 आहे, म्हणजे 15,59,850 रुपये. रोखीवर काम करणाऱ्यालाही हा हक्क आहे, आणि ठेकेदार पळाला तरी मूळ मालकावर, म्हणजे बिल्डरवर, जबाबदारी येते. पण दोघेही जेव्हा ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणतात, तेव्हा सिद्ध करायचं विधवेने. सोबतचे साक्षीदार तोवर दुसऱ्या साइटवर, नाहीतर बिहारला, बंगालला गेलेले असतात.

अर्धं कागदावर, अर्धं रोख

हा तिसरा प्रकार सध्या सगळ्यात जास्त दिसतो. मस्टरवर 26 ऐवजी 13 हजेऱ्या किंवा 800 ऐवजी 400 रोज, बाकीचं पाकिटात. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, कारण ईएसआयचा विमा क्रमांक तरी निघतो. मात्र अपघातानंतरचे 90 टक्के कागदावरच्या रोजाचे मिळतात, म्हणजे 400 रोज लिहिला असेल तर 720 च्या जागी 360. हे ऐकून तयार झालात तर ठीक, पण कोऱ्या व्हाउचरवर किंवा कोऱ्या रजिस्टरवर सही करू नका.

हिशोब अडकला तर

रोखीत आठवड्याला मिळते ती खर्ची, म्हणजे खर्चापुरते पैसे. उरलेला हिशोब स्लॅब झाल्यावर, दिवाळीला, गावी जाताना. मुकादमाच्या डायरीत हजेरीची उभी रेघ, हाफला अर्धी, शेजारी उचल. ती डायरी त्याच्याच खिशात असते आणि शेवटी तिच्यात खाडे वाढलेले निघतात. मस्टरवर असाल तर सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करताना बँकेचं स्टेटमेंट पुरतं. ठेकेदाराने थकवलेली मजुरी मूळ मालकाला द्यावी लागते, ही तरतूद दोन्ही प्रकारच्या कामगारांसाठी आहे; पुरावा मात्र मस्टरवाल्याकडेच असतो.

रोखीवरच जावं लागलं तर

कुणाच्या घराचं दोन-चार दिवसांचं प्लास्टर असेल तर रोखच घ्याल, त्यात गैर नाही. मोठ्या साइटवर दुसरा इलाजच नसेल तर पुरावा तुम्ही तयार करा. गेटवरच्या फलकाचा फोटो काढा; त्यावरच्या महारेरा क्रमांकावरून, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणी क्रमांकावरून, बिल्डर कोण ते सापडतं. डायरीतल्या आपल्या पानाचा दर शनिवारी फोटो घ्या. नोटांऐवजी यूपीआयने पाठवायला सांगा, ‘फोन पे कर’ म्हटल्याने कोणी चिडत नाही आणि तारखेसकट नोंद राहते. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आहेत आणि नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे, तेही मागून पाहा.

आणि रोखीवर असा की मस्टरवर, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी कराच. वय 18 ते 60, मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम. दाखला ठेकेदाराने नाही दिला तर ग्रामसेवकाचा किंवा महापालिकेचा चालतो. कामावर अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला 5 लाख, नैसर्गिक मृत्यूला 2 लाख, शिवाय मुलांना शिष्यवृत्ती. हा पैसा बांधकामाच्या खर्चावर बिल्डरकडून घेतलेल्या 1 टक्का उपकरातून येतो. नोंदणीचा 1 रुपया आणि वर्षाची वर्गणी 1 रुपया, त्यामुळे नाक्यावरच्या एजंटाला हजार-पाचशे देऊ नका. कार्डाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, तारीख घरच्यांनाही सांगून ठेवा.