खाडा सांगून जेवायला गेलो

बोर्डावर नाव नाही. पत्र्यावर निळ्या रंगात ‘घरगुती जेवण मिळेल’ एवढंच, त्यातलाही शेवटचा ल पावसानं नेलाय. सोलापूरच्या भैय्या चौकातून चालत पाचेक मिनिटं. पत्ता विचारायचा तर ‘मावशीची मेस’ म्हणा, आणि कुठली मावशी असं कुणी विचारलं तर ‘वहीवाली’ म्हणा. मी तिथं दीड वर्ष दोन्ही वेळ जेवलोय, तेव्हा हे काही एका ताटावरचं मत नाही. सांगायचंय मात्र मुख्यतः एका ताटाबद्दलच, २०२४ च्या नाताळातल्या.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मिशनरी. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढं टोपीवाला गोरा साहेब उभा राहतो. तसे अमेरिकन साहेब आले होते, १८१३ ला मुंबईत आणि १८३१ ला नगरला. मी मात्र नेवासा तालुक्यातला, उसाच्या पाचटात पाय कापून घेत वाढलेला. मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, सेवेसाठी सोलापूरला पाठवलं. सेवा म्हणजे संध्याकाळी विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) पोरांची शिकवणी, आजारी माणसांच्या घरी फेऱ्या आणि रविवारी उपासनेत पेटी. मावशी मला ‘फादर’ म्हणतात. फादर लग्न करत नाहीत, माझं ठरतंय, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. ‘‘बरं फादर,’’ म्हणाल्या.

माझा खोलीतला जोडीदार मिझोरामचा. १८९४ साली ११ जानेवारीला त्यांच्या डोंगरात पहिले मिशनरी पोचले, त्या दिवसाची तिकडं अजून सुट्टी असते, आणि आता तेच लोक गावोगाव मिशनरी पाठवतात. नगरहून करमाळा, टेंभुर्णी करत एसटीनं मी दिवसाउजेडी सोलापुरात येतो. त्याचा प्रवास गाड्या बदलत दिवसच्या दिवस चालतो. त्याच्यासमोर ‘घराची आठवण येते’ म्हणायची मला लाज वाटते. त्यात रस्त्यानं त्याला कुणीही विचारतं, नेपाळ का चीन? एकदा वैतागून मी त्याला भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात नेलं. म्हटलं, हा बघ सोलापूरचा माणूस, १९३८ मध्ये जखमींची सेवा करायला चीनला गेला आणि १९४२ च्या डिसेंबरात तिकडंच गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. तो बराच वेळ फोटो बघत उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘‘यांना तिकडं भाकरी मिळत असेल?’’ मग आम्ही मेसला गेलो.

आता जेवण. ज्वारीची भाकरी उत्तम, मंगळवेढ्याकडची मालदांडी वापरतात असं अण्णा (मावशींचे यजमान) सांगतात आणि पहिल्या घासाला ते पटतं. कडक भाकरीची तर दुरडीच टेबलावर असते. जोडीदार पहिल्या दिवशी तिला पापड समजला आणि तोंडी लावायला अजून मागत राहिला, आमटीत कुस्करायची असते हे त्याला चौथ्या दिवशी कळलं. शेंगाचटणी लोखंडी खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटून ओलसर झालेली, बोटाला लालसर वास ठेवणारी. (आम्ही नगरकडचे लोक शेंगा म्हणजे टरफलासकट समजतो. इथं शेंगा म्हणजे दाणेच. पहिल्या आठवड्यात मी ‘शेंगा कुठायत?’ म्हणून वाटीत शोधत होतो.) मिक्सरवरची चटणी अनेक ठिकाणी खाल्ली, ती भुसा होते. इथं ती चूक नाही. भरलं वांगं मंगळवारी आणि शुक्रवारी, तेव्हा लवकर जा, दीडनंतर नुसता मसाला उरतो.

भात मात्र वाईट. वाटीभरच देतात, तोही एका वेळी गोळा आणि एका वेळी फडफडीत, मधला प्रकारच नाही. जादा वाटीला पंधरा रुपये. भातावर वाढलेल्या माणसाला हे फार लागतं. जोडीदार महिन्याला तीन-चारशे रुपये निव्वळ भातावर घालवायचा. मी एकदा बोललो तर मावशी म्हणाल्या, ‘‘भात खायाला सोलापूरला कशाला यायचं ओ?’’ यावर काय बोलणार.

दोन वेळचे महिन्याला २,९०० आणि हिशोब वहीत. खाडा (म्हणजे जेवायला येणार नाही, त्या दिवसाचे पैसे कापा) हवा असेल तर आदल्या दिवशी रात्री नऊच्या आत सांगायचं. सव्वानऊला सांगितलेला खाडा मावशी धरत नाहीत. मी भांडून पाहिलंय.

तर नाताळ. लोक विचारतात, सणाला घरी का नाही गेला? पुजाऱ्याला नवरात्रात सुट्टी मिळते का? आमचं तसंच. २४ तारखेच्या रात्री कॅरल म्हणत आम्ही घरोघर फिरलो, अडीच वाजले. प्रत्येक घरी चहा आणि चिवडा, सातव्या घरानंतर चहाची चव जाते. २५ ला सकाळी उपासना, नवे कपडे, हस्तांदोलनं आणि ‘या बरं का घरी!’ हे वाक्य आम्ही त्या सकाळी किमान पंचवीस तोंडांतून ऐकलं असेल. कधी या, ते कुणी बोललं नाही आणि विचारायला आम्हाला संकोच. प्रत्येकाला वाटलं, ही दोघं दुसऱ्याकडे जेवणार. कुणाला दोष नाही, माझ्या आईनंही गावाकडे पाहुण्या सेवकांचं असंच केलं असेल.

आणि मी हुशार. कुठंतरी बिर्याणी नक्की म्हणून आदल्या रात्री पावणेनऊलाच मेसमध्ये दोघांचा खाडा सांगून ठेवला होता.

दीड वाजला. खोलीत दोन केळी आणि अर्धा पुडा फरसाण. जोडीदाराच्या घरून व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याकडं नाताळाला सगळी वस्ती एकत्र जेवते, मोठमोठ्या हंड्यांत डुकराचं मटण शिजतं, पुरुष मंडळी ढवळतात. त्याच्या भावानं फोन हंड्यावर धरला. वाफेनं कॅमेरा धुरकटला, पलीकडून हसणं ऐकू येत होतं. यानं आपला फोन भिंतीकडं वळवून धरला होता, म्हणजे खोलीतली केळी दिसू नयेत.

‘‘चल,’’ मी म्हटलं.

मेसमध्ये दोनचा सुमार. आयटीआयची दोन पोरं आणि एक बँकेतले शिपाईकाका एवढेच. मावशींनी चष्म्यावरून पाहिलं.

‘‘काय ओ फादर, आज खाडा ना तुमचा?’’

‘‘हो हो. सहज आलो. शुभेच्छा द्यायला.’’

मावशींनी जोडीदाराकडं पाहिलं. ‘‘जेवलाव का?’’

त्याला मराठीत अजून खोटं बोलता येत नव्हतं. ‘‘नाही,’’ म्हणाला.

मावशी काही न बोलता आत गेल्या. मेसचा स्वयंपाक मोजून असतो, आमच्या नावाच्या भाकऱ्या थापलेल्याच नव्हत्या. अण्णांनी कडक भाकरी, आमटी आणि कालच्या वांग्याचा उरलेला मसाला वाढला. आम्ही मुकाट्यानं कुस्करायला लागलो. तेवढ्यात आतून लाटण्याचा आवाज, मग तुपाचा वास, मग वेलची.

शेंगापोळी बाहेर दुकानात मिळते ती मी खाल्लीये, प्लास्टिकच्या पाकिटात, थंड, एकावर एक. तव्यावरून थेट ताटात आलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. भाजलेल्या दाण्याचं कूट आणि गूळ यांचं सारण, वरचा पापुद्रा इतका पातळ की आतला तपकिरी रंग बाहेरून दिसतो. एका ठिकाणी कड फुटून गूळ तव्यावर सांडला होता आणि तिथं करपून त्याची काच झाली होती. ती कडच सगळ्यात चांगली लागली. वर तुपाची धार, चमच्यानं नाही, वाटीनंच.

‘‘सारण लेकीसाठी केलंतं, पुण्याला न्यायला,’’ अण्णा हळूच म्हणाले. आतून लगेच आवाज आला, ‘‘तुम्ही वाढा की गप!’’

मग मावशी कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. ‘‘तुमच्या देवाचा वाढदिवस ना आज?’’ मी म्हटलं, तसंच म्हणा. ‘‘मग गोड नको व्हय सणाला? केळी खात बसलेत खोलीत.’’ केळ्यांचं त्यांना जोडीदारानं कधी सांगितलं ते मला अजून माहीत नाही. आयटीआयचा एक पोरगा भरल्या तोंडानं ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणाला, दुसरा त्याला म्हणाला, ‘‘काय बे, त्यांना केक विचार की.’’ केक आमच्याकडंही नव्हता.

तिसऱ्या पोळीला जोडीदारानं भात मागितला आणि पोळी भातात कुस्करून वर आमटी ओतली. शेंगापोळी अशी खाणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मावशींनीही नसावा, त्यांनी तोंडाला पदर लावला. पण भात दिला, दोन वाट्या, आणि त्या दिवशीचा भात (हे मुद्दाम नोंदवतो) बरा होता.

इतकं झाल्यावर पाच तारे द्यावेत असं वाटेल. थांबा. ३० तारखेला, सोमवारी, आम्ही दुपारी गेलो तर कुलूप. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं, आज येळवस, सगळे अक्कलकोटकडं शेतात गेलेत. मार्गशीर्षातली अमावस्या इकडं मोठी, रानात जाऊन भज्जी (भाज्या आणि डाळींची मिसळ भाजी) आणि आंबील खातात. माणसानं सण करावा, त्याला काय म्हणणार. पण आदल्या दिवशी एक शब्द? रोज तीसेक माणसं जेवतात तिथं, दारावर खडूनं लिहायला काय जातं? संध्याकाळीही कुलूपच. आम्ही स्टेशनसमोर वडापाव खाल्ला आणि जोडीदाराला ॲसिडिटी झाली. तेव्हा अमावस्येला जाणार असाल तर आधी फोन करा. फोन अण्णा उचलतात, मावशी कधीच नाही. कार्ड नाही, गुगल पे चालतं पण अण्णांच्या मोबाईलवर, आणि अण्णा रविवारी संध्याकाळी नसतात. रविवारी संध्याकाळी मेसही नसते म्हणा.

१ जानेवारीला हिशोबाला बसलो. दोन मुद्दे घेऊनच गेलो होतो. एक, ३० तारखेचे पैसे कापा, मेस तुमच्यामुळं बंद होती. दोन, २५ तारखेचे लावा, आम्ही जेवलो, वर पोळ्या.

मावशींनी वही उघडली, बोटानं रेघ धरून खाली आल्या. ‘‘तीस तारीख. तुम्ही खाडा सांगितलावता का?’’

‘‘मेसच बंद होती, मावशी.’’

‘‘खाडा सांगितलावता का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग न्हाई कापत.’’ बोट वर गेलं. ‘‘पंचवीस. हितं खाडा आहे दोघांचा.’’

‘‘पण आम्ही आलो होतो ना! तीन-तीन पोळ्या खाल्ल्या.’’

मावशींनी वही माझ्याकडं फिरवली. २५ च्या रकान्यात निळ्या पेनानं दोन फुल्या होत्या.

‘‘खाडा म्हणजे खाडा ओ फादर. तुम्ही आलाच न्हवता त्या दिवशी.’’