तळमजल्याचं घरकुल: दिव्यांग कोट्यातला फ्लॅट, एक पावसाळा काढल्यानंतर

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर. घरकुल योजनेत तिच्या नावावर फ्लॅट लागला, गेल्या दिवाळीनंतर आम्ही राहायला आलो. ‘घ्यावा का?’ म्हणून ओळखीतले बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हे.

सोडतीबद्दल तक्रार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी घरवाटपात दिव्यांगांना ५ टक्के आरक्षण आहे, त्यात बायकांना प्राधान्य. ते खरोखर मिळालं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, असल्यामुळे कागदपत्रांचा ताप कमी. निराधारचं अनुदान आता थेट खात्यावर येतं. फक्त चाकं ढकलून आक्काच्या बोटांचे ठसे घासलेत, मशीन ते घेईना म्हणून वेगळी खटपट झाली.

घर मात्र खुर्ची न बघता बांधलंय. जोतं दीड फूट उंच. १ ला १२, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, या नियमाने उतार १८ फूट लांब हवा, तो सहा फुटांत उरकलाय, वर गुळगुळीत फरशी. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था उभी केली ते हे कोल्हापूर. इथल्या ठेकेदाराला रॅम्प कसा असतो हे बघायला लांब जायची गरज नव्हती. संडासाचं दार दोन फुटी, खुर्ची त्याहून रुंद. आक्का दारातच प्लास्टिकच्या स्टुलावर सरकायची, मग हातांवर जोर देत आत. शेवटी गवंडी लावून चौकट काढली, सरकतं दार बसवलं. पैसे आमचेच. दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून काही मिळेल का विचारलं, तर ‘बांधकाम त्यात बसत नाही’ म्हणाले.

खरी परीक्षा जुलैत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरगंही सांगतं. पण पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि आमच्याकडे नदीच्या आधी नाला येतो. वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीतून पाणी बघत बसले. आक्काला तसं थांबता येत नाही. उताराच्या पायथ्याशी पाणी आलं की तिचा रस्ता बंद. वीज तोडली, लिफ्ट बंद. तालमीच्या पोरांनी खुर्चीसकट उचलून दुसऱ्या मजल्यावर काकूंकडे नेलं. तिथलं संडासाचं दारही दोन फुटीच. पाणी ओसरेपर्यंत आक्का जेवणच टाळत होती, हे मला नंतर कळलं.

त्याच २०१६ च्या कायद्यात आपत्तीच्या वेळेसाठी जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची तरतूद आहे. अनुदानाच्या यादीत आक्का आहे, पण पुराच्या वेळी कुणाला आधी हलवायचं त्या यादीत तिचं नाव नव्हतं. आता अर्ज देऊन पोच घेतलीय. तुम्ही मे महिन्यातच द्या. किल्ली घेण्याआधी टेप घेऊन सगळी दारं मोजा, आणि २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते आजूबाजूच्या जुन्या लोकांना विचारा.

तरी घर सोडणार नाही. आधीच्या भाड्याच्या खोलीला जिना होता, आक्का महिनोन्‌महिने खाली उतरायची नाही. आता रोज संध्याकाळी बाहेर असते. आम्ही पहिला मजला बदलून मागितलाय, लिफ्टला बॅटरी बसवायच्या अटीवर. खिडकीतल्या माणसाने अर्ज वाचला आणि आक्काकडे बघून म्हणाला, “तळमजला दिव्यांगांसाठीच असतोय की ओ ताई, तुम्ही वर कशाला जातासा?”