जिप्सम बोर्ड लिफ्टर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरल्यानंतर

आम्ही पुणे-पिंपरी भागातल्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगची कामे करतो. दिवाळीनंतर हाताने फिरवायचा बोर्ड लिफ्टर घेतला. तीन पायांचा स्टँड, खाली चाके, वर बोर्ड ठेवायची चौकट आणि तारेचा दोर गुंडाळणारी विंच, एवढेच यंत्र.

सहा बाय चार फुटांचा, साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड साधारण 18 ते 20 किलोचा असतो. दोन पोरे घोडीवर उभी राहून तो डोक्यावर तोलून धरतात आणि मिस्त्री स्क्रू मारतो, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. संध्याकाळी पोरांच्या माना वळत नाहीत. ते लिफ्टरने थांबले, आणि तेवढ्यासाठीच मी तो पुन्हा घेईन. पण यंत्र आले म्हणजे धोका संपला, असे कुणी समजू नये.

सगळ्यात जपायचे ते उतरवताना. चढवताना विंचचा खटका तिच्या दात्यांत अडकत जातो, त्यामुळे माणूस निर्धास्त असतो. उतरवताना तोच खटका हाताने सोडावा लागतो आणि सगळा भार विंचच्या चाकावर येतो. हात निसटला तर चाक उलटे गरगरते आणि मनगटावर बसते. म्हणून आधी चाक घट्ट धरायचे, किंचित वर फिरवायचे, मग खटका मोकळा करून हाताहाताने खाली आणायचे. चाक सुटलेच तर ते पकडायला हात घालायचा नाही. बोर्ड फुटू दे, नवा आणता येतो. हे मी प्रत्येक नव्या हेल्परला रिकाम्या लिफ्टरवर करून दाखवतो आणि त्याच्याकडून करून घेतो. बोर्ड वर असताना खालून कुणीही जायचे नाही, चहा घेऊन आलेल्या पोरानेसुद्धा नाही.

दोर अधूनमधून पूर्ण सोडून, हातमोजे घालून पुसून बघावा. एक तार जरी तुटलेली दिसली किंवा दोराला मोड पडलेली असली, तर दोर बदलायचा. विंच कुरकुरते म्हणून कुणी तेल सोडायला धावतो. ब्रेकच्या चकतीला तेल लागले की ब्रेक गेलाच समजा. जिप्समची धूळ तिथे साचते, ती कोरड्या ब्रशने काढतो.

जमीन झाडलेली हवी. चॅनेलचे (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसतो त्या छताच्या पत्र्याच्या पट्ट्यांचे) तुकडे आणि पडलेले स्क्रू चाकाखाली आले की स्टँड अडखळतो आणि वरचा बोर्ड त्याला आडवा करतो. म्हणून बोर्ड खाली असतानाच लिफ्टर जागेवर न्यायचा, चाकांचे ब्रेक लावायचे, मगच वर चढवायचा. छतातून लोंबणाऱ्या लाइटच्या वायरींचा एमसीबी आधीच बंद. बोर्ड चॅनेलला टेकला की थांबायचे. आणखी रेटले तर चॅनेल वाकतो नाहीतर स्टँड कलतो.

स्क्रूंमधले अंतर आम्ही 230 मिलिमीटर ठेवतो. चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारून लिफ्टर काढायची घाई होते, ती मी होऊ देत नाही. कडेचे सगळे आणि मधल्या चॅनेलवरचे काही स्क्रू बसल्याशिवाय खटक्याला हात लावायचा नाही.

पावसाळ्यात ओल खाल्लेला बोर्ड चौकटीवर मधोमध झोल खातो आणि मोडून डोक्यावर येऊ शकतो. तो बाजूलाच ठेवा. आमच्या लिफ्टरची क्षमता 68 किलो आहे, पण एसीचे युनिट किंवा काच आम्ही त्यावर चढवत नाही. चौकट बोर्डासाठी आहे, त्या वस्तू तिच्यावर अडकून राहत नाहीत.

अरुंद पॅसेज आणि बाथरूममध्ये याचे पाय मावत नाहीत. तिथे घोडी आणि दोन माणसेच लागतात, पण बोर्ड अर्धा कापून घ्यावा.

घ्यायला जाल तेव्हा दुकानात बोर्ड ठेवूनच बघायला मागा. छातीइतक्या उंचीवर थांबवा आणि थोडा वेळ नजर ठेवा. बोर्ड बोटभरही खाली सरकला तर तो लिफ्टर घेऊ नका.