‘पहिल्या दिवसापासून सर्व आजार’: समूह मेडिक्लेमच्या नावाखाली झालेली फसवणूक

जुनाट आजार असलेल्या माणसाला कोणी ‘पहिल्या दिवसापासून सर्व आजार कव्हर, वैद्यकीय तपासणी नाही, वेटिंग पिरियड नाही’ असे सांगून मेडिक्लेम देऊ करत असेल आणि देऊ करणाऱ्याचा तुमच्या नोकरीशी काही संबंध नसेल, तर पैसे देण्यापूर्वी पुढील अनुभव वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हा प्रकार मुंबईत माझ्या बाबतीत घडला. तक्रार द्यायला गेले तेव्हा मला विमा देणाऱ्या त्याच माणसाविरुद्ध माझ्याआधी इतरांनीही अर्ज दिल्याचे समजले आणि त्यांतले बहुतेक मधुमेह, किडनी किंवा हृदयाचे रुग्ण होते.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला सूज येऊन आतून व्रण पडणारा हा आजार औषधांनी आटोक्यात राहतो, पण मुळापासून जात नाही. रोजच्या गोळ्या, ठरावीक काळाने रक्ताच्या तपासण्या आणि कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) हा खर्च कायमचा असतो, आणि आजार उसळला की रक्ताचे जुलाब सुरू होऊन शिरेतून स्टिरॉइड देण्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. यजमान लोअर परळच्या एका कंपनीत होते तोवर आम्ही तिघेही तेथील समूह विम्यात होतो आणि माझ्या दाखल होण्याचा खर्च त्यातून निघत असे. कंपनीने मुंबईतील कार्यालय बंद केले, तेव्हा पगाराबरोबर विमाही गेला. समूह विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागण्याची सोय असते आणि तोवर पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ (वेटिंग पिरियड, म्हणजे पूर्वीच्या आजाराचा खर्च मिळू लागण्याआधी थांबावे लागणारा काळ) धरला जातो, हे आम्हाला कार्यालयातील कोणीही सांगितले नाही. ज्यांची नोकरी जाण्याच्या बेतात आहे, त्यांनी मुदत संपण्याआधीच हा अर्ज विमा कंपनीकडे लेखी द्यावा.

त्यानंतर वैयक्तिक पॉलिसीसाठी केलेल्या प्रत्येक अर्जात मी आजाराचे नाव, निदानाचे वर्ष आणि चालू औषधे स्पष्ट लिहिली. काही कंपन्यांनी सरळ नकार दिला. एका कंपनीने पॉलिसी देऊ केली, परंतु हप्त्यावर मोठे लोडिंग, म्हणजे आजारामुळे जादा आकारणी, लावून आणि आतड्याचा आजार कायमचा वगळून. हे बेकायदा नाही. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये काही आजारांची यादी ठरवून दिली, त्यांचा खर्च रुग्णाच्या संमतीने कायमचा वगळून पॉलिसी देता येते. आतड्याचे दाहक आजार, किडनीचे व यकृताचे जुनाट आजार, अपस्मार, पार्किन्सन हे सर्व त्या यादीत आहेत. अशा रुग्णांना विमा पूर्णपणे नाकारला जाऊ नये, निदान इतर आजारांसाठी तरी तो मिळावा, हा यादीमागचा विचार मला समजतो. पण जो आजार मला रुग्णालयात नेतो त्याचाच खर्च मिळणार नसेल, तर तेवढा हप्ता भरण्याची ऐपत आणताना मन घट्ट करावे लागते. एप्रिल 2024 पासून पूर्वीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा काळ 48 महिन्यांवरून 36 महिन्यांवर आला, ही सुधारणा चांगली आहे, मात्र तिचा उपयोग पॉलिसी मिळाल्यानंतरचा आहे. दारातूनच परत पाठवलेल्यांचे काय करायचे, याचे उत्तर तिच्यात नाही. फसवणारे नेमके याच जागी उभे असतात.

आमच्याकडे आलेले गृहस्थ विक्रोळीतील आमच्याच वसाहतीत ये-जा करणारे होते आणि शेजारच्या इमारतीतील एका मधुमेही आजोबांना त्यांनी असेच कार्ड काढून दिले होते. त्यांनी माझी फाईल शांतपणे पाहिली. “ताई, तुम्ही एकट्याने अर्ज केलात तर कंपनी ही फाईल बघणारच. समूहात कोणी फाईल मागत नाही. आमच्या संस्थेचे सभासद व्हा, पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर,” असे ते म्हणाले. यातले अर्धे खरे होते आणि फसवणुकीला तेवढेच पुरेसे ठरते. नोकरदारांच्या समूह विम्यात बहुधा पूर्वीचे आजार लगेच धरले जातात, हे यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही स्वतः अनुभवले होते. तिघांचे मिळून वर्षाला 42,000 रुपये त्यांनी सांगितले आणि ते संस्थेच्या चालू खात्यात यूपीआयने भरून घेतले. ‘सभासद शुल्क व विमा योगदान’ अशी पावती दिली, आधार कार्डांच्या प्रती नेल्या, आणि काही दिवसांत विमा कंपनीचे बोधचिन्ह असलेली तीन कार्डे घरी आली.

आता सांगते तो भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ‘कार्ड तपासून घ्या’ हा नेहमीचा सल्ला येथे अपुरा पडतो. मी कार्ड तपासले होते. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, ॲपमध्ये कार्डावरचा क्रमांक घालताच आम्हा तिघांची नावे, जन्मतारखा आणि पाच लाखांची रक्कम समोर आली. हेल्पलाइनवर फोन केला, तेथूनही पॉलिसी चालू असल्याचेच उत्तर मिळाले. पॉलिसी खोटी नव्हती.

पावसाळ्यात माझा आजार उसळला. पूर्व उपनगरातील एका खाजगी रुग्णालयात दाखल होताना टीपीए डेस्कवरच्या मुलीने कार्डाचा क्रमांक टाकला, थोडा वेळ पडद्याकडे पाहिले आणि काही न बोलता पडदा माझ्या यजमानांकडे वळवला. तिन्ही नावांपुढे ‘डिलीटेड’ असे लिहिले होते. पुढे तारीख होती, ती आम्ही पैसे भरल्यानंतरच्या दुसऱ्याच महिन्यातली. तिने आमच्या समाधानासाठी पुन्हा एकदा क्रमांक टाकून पाहिला, मग अनामत रक्कम किती भरावी लागेल ते सांगितले. यजमानांनी मुदत ठेव मोडली. त्या गृहस्थांचा फोन त्या दिवसापासून बंद आहे, आणि संस्थेच्या पत्त्यावर, घाटकोपरच्या एका गाळ्यात, झेरॉक्सचे दुकान आहे.

खरा प्रकार विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडून आलेल्या लेखी उत्तरातून उघड झाला. ती पॉलिसी कोणत्याही सभासद संस्थेची नव्हती. ती तळोज्याकडील एका लहान पॅकेजिंग कारखान्याने आपल्या कामगारांसाठी घेतलेली समूह पॉलिसी होती. उत्तरासोबत आलेल्या यादीच्या उताऱ्यात माझे नाव, माझी जन्मतारीख, एक कर्मचारी क्रमांक आणि हुद्दा होता: पॅकिंग सुपरवायझर. ज्या कारखान्याचे फाटकही मी पाहिलेले नाही, तेथे मी कागदोपत्री नोकरीला लागले होते आणि दुसऱ्या महिन्यात नोकरी सोडूनही गेले होते.

हा व्यवहार कसा चालतो, ते समजून घ्यावे. समूह पॉलिसीत करार मालकाशी असतो, आपल्याशी नसतो. कामगार येतात-जातात म्हणून वर्षाच्या मध्येही मालकाला नावे घालता आणि काढता येतात. नाव घातले की उरलेल्या काळाचा हप्ता भरायचा, काढले की न वापरलेल्या काळाचा हप्ता मालकाच्या खात्यात परत येतो, अर्थात त्या व्यक्तीचा दावा झालेला नसेल तर. त्यामुळे गिऱ्हाइकाकडून वर्षाचे पैसे घ्यायचे, त्याचे नाव यादीत घालायचे, त्याने ॲपवर खात्री करून घेतली की नाव काढून हप्ता परत मिळवायचा, एवढेच करावे लागते. नाव काढल्याचा एसएमएस आम्हाला आला नाही, कारण यादीत आमच्या नावापुढे दिलेला मोबाइल क्रमांक आमचा नव्हता.

नाव काढले नसते तरी दावा टिकला नसता, हे मला नंतर विमा क्षेत्रात काम केलेल्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी समजावले. मोठा दावा आला की विमा कंपनी नेमणूकपत्र, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागते, आणि ते नसले की नोकरीचे नातेच नाही म्हणून दावा फेटाळते. केवळ विमा मिळवण्यासाठी समूह तयार करणे नियमांतच बसत नाही. शिवाय अशा वेळी खोट्या नोंदीत रुग्णही सामील होता का, असा संशय घेतला जातो. दुखण्याने आधीच खचलेल्या बाईला आपण त्यात नव्हतो हे पुराव्यानिशी सांगत बसावे लागते, याचा मला आजही मनस्वी संताप येतो.

म्हणून समूह विमा देऊ करणाऱ्याला आधी एकच विचारावे: या समूहाशी माझे विम्याव्यतिरिक्त नाते काय आहे? तुम्ही बँकेचे खातेदार, पतसंस्थेचे किंवा व्यावसायिक संघटनेचे खरेखुरे सभासद असाल तर त्यांच्या समूह विम्यात गैर काही नाही. नाते सांगता येत नसेल तर थांबावे. विमा प्रमाणपत्रावर पॉलिसीधारक म्हणून कोणाचे नाव आहे ते वाचावे आणि ज्याला पैसे दिले त्याच्याशी ते जुळते का ते पाहावे. मला तर प्रमाणपत्र दिलेच नव्हते, फक्त कार्डे दिली होती. विमा कंपनीच्या स्वतःच्या ईमेलवर, टीपीएच्या नव्हे, आपले नाव, हुद्दा किंवा सभासदत्वाचा प्रकार आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक लेखी विचारून घ्यावा. वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता थेट विमा कंपनीच्या नावेच भरावा. मार्च 2025 पासून यूपीआयद्वारे हप्त्याची रक्कम आपल्याच खात्यात राखून ठेवण्याची सोय सुरू झाली आहे. कंपनीने अर्ज स्वीकारला तरच ती वळती होते आणि नाकारला तर मोकळी होते. नकाराची शक्यता असलेल्या आमच्यासारख्यांनी ही सोय आवर्जून मागावी. कंपनीने अर्ज नाकारला तर कारणासह लेखी नकार मागावा, तो द्यावा लागतो. पॉलिसी हाती आल्यावर 30 दिवसांत ती परत करता येते, तेवढ्यात सोबतचा प्रपोजल फॉर्म वाचून आजाराच्या रकान्यात एजंटाने ‘नाही’ लिहिलेले नाही ना, हेही पाहावे.

हप्ता परवडतच नसेल तर काय, हा प्रश्न उरतोच. 2020 पासून सर्व सर्वसाधारण व आरोग्य विमा कंपन्यांना ‘आरोग्य संजीवनी’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी ठेवावी लागते. तिच्यातही आजारानुसार नकार किंवा लोडिंग येऊ शकते, पण अटी सरळ असल्याने तुलना करता येते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे कोणी तो वेगळा मागत असेल तर देऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि वय 70 किंवा त्याहून अधिक असेल तर आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट नाही. या योजनांत ठरावीक उपचारच बसतात, म्हणून दाखल होण्यापूर्वी अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातील आरोग्यमित्रांना (योजनेच्या मदतनीसांना) आपल्या आजाराचे नाव सांगून विचारावे. मी स्वतः आता परळला केईएमच्या पोटविकार विभागात जाते. रांग मोठी असते, पण उपचार सुरू आहेत.

तक्रारीची वाट अशी आहे. प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जावे, सोबत नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा 155255 या क्रमांकावर नोंद करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा इमारतीतील विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जाता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक ताजी असेल, तर सर्वांत आधी 1930 वर फोन करावा, कारण तेथे रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठवण्याचा प्रयत्न होतो. माझ्या बाबतीत तो अवधी निघून गेला होता. विमा कंपनीने जबाबदारी नाकारली आहे, लोकपालांकडे अर्ज प्रलंबित आहे आणि पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलमाखाली तक्रार दिली आहे.

शेजारच्या आजोबांचे नावही यादीतून काढलेले निघाले. त्यांना सुदैवाने अद्याप दाखल व्हावे लागलेले नाही. ज्यांच्याकडे अशा ‘सभासद संस्थे’ने दिलेले कार्ड आहे, त्यांनी ते आजच विमा कंपनीकडे तपासावे, ॲपमधील नोंदीचे तारखेसह स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, त्या माणसाशी झालेले व्हॉट्सॲप संभाषण आणि फोनच्या नोंदी जपून ठेवाव्यात, आणि नाव काढलेले आढळल्यास आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्यात स्वतंत्र अर्ज द्यावा, त्यात पॉलिसीचा क्रमांक अवश्य लिहावा, म्हणजे एकाच पॉलिसीवरच्या तक्रारी तपास अधिकाऱ्याला जोडता येतील.