बनावट ‘सीके वन’ आणि पहिली दहा मिनिटे

समाजमाध्यमांवर ‘ओरिजिनल टेस्टर (म्हणजे दुकानात वास घेऊन पाहण्यासाठी ठेवलेली बाटली), बॉक्सशिवाय’ अशी जाहिरात करून निम्म्याहून कमी किमतीत परदेशी परफ्यूम विकणारे अनेक जण आहेत. त्यांपैकी एकाने माझी जी फसवणूक केली, ती इतरांची होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

पुतणीला कॉलेजात प्रवेश मिळाल्याबद्दल मी कॅल्विन क्लाइनचा ‘सीके वन’ मागवला होता. आल्बेर्तो मोरियास आणि हॅरी फ्रेमाँट यांनी घडवलेला हा सुगंध १९९४ साली बाजारात आला, तोच मुळी स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणून. फवारल्याबरोबर बर्गमॉट आणि लिंबाचा तजेला जाणवतो, मागोमाग अननसाची पुसटशी गोडी येते, मग हिरव्या चहाचा किंचित तुरटपणा आणि हलकी जाई, आणि शेवटी अंगावर उरतो तो स्वच्छ, मऊ कस्तुरीसारखा वास, नुकत्याच धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती सदऱ्यासारखा. मुंबईच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत जड, गोडसर परफ्यूम शेजारच्यालाही नकोसे होतात. हा मात्र कोणावर चाल करून येत नाही, आणि तरुण मुलामुलींना तो तीन दशकांनंतरही आपलासा वाटतो याचे कारण, माझ्या मते, हेच आहे.

फसवणाऱ्याचे काम सोपे होते तेही याच ताजेपणामुळे. लिंबूवर्गीय सुगंधी द्रव्ये हलकी असतात, भराभर उडून जातात आणि तुलनेने स्वस्तही असतात. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांची नक्कल कोणालाही जमते. माझ्याकडे आलेली बाटली उघडली तेव्हा वास जवळजवळ हुबेहूब होता. पण अर्ध्या तासात त्याचा चिकट, साखरेच्या पाकासारखा गोडवा झाला, खाली स्पिरिटचा उग्र दर्प राहिला आणि पुतणीच्या मनगटावर लाल चट्टे उठले. वास लवकर विरला एवढ्यावरून मात्र माल खोटा ठरवू नये, कारण ‘ओ द त्वालेत’ या कमी अर्काच्या प्रकारातला हा परफ्यूम मुळातच हलका आहे. पाहायचे ते, विरताना मागे काय उरते हे.

मग घरातली जुनी, खात्रीच्या दुकानातली बाटली शेजारी ठेवली. तिच्या दुधी काचेच्या गळ्याला आटे आहेत, त्यावर धातूचे झाकण फिरवून बसते आणि फवाऱ्याचा पंप वेगळा मिळाला होता. नव्या बाटलीचा पंप मात्र कायमचा दाबून बसवलेला होता, काचेवरचा दुधी थर नखाने खरवडला जात होता आणि तळाशी बॅच क्रमांकच नव्हता. आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि आयात नोंदणीचा क्रमांक, म्हणजे भारतात विकल्या जाणाऱ्या आयात मालावर कायद्याने असायलाच हव्यात अशा गोष्टी, कुठेही छापलेल्या नव्हत्या. ‘बॉक्सशिवाय’ या शब्दाची सोय नेमकी यासाठी असते.

पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर आगाऊ घेतले गेले होते. तक्रार करताच विक्रेत्याने मला ब्लॉक केले आणि काही दिवसांत तेच फोटो दुसऱ्या नावाच्या पानावर दिसू लागले. असे घडल्यास व्यवहाराचा क्रमांक आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवून सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, कारण उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत वळती होते. शिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही तक्रार नोंदवता येते. मी दोन्हीकडे नोंदवली आहे, रक्कम अद्याप परत मिळालेली नाही.

आणखी एक विनंती. अस्सल परफ्यूमच्या रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यांत बनावट माल भरला जातो, आणि तेव्हा वर सांगितलेली बाटलीवरची एकही खूण उपयोगी पडत नाही. म्हणून रिकामी बाटली भंगारात देण्यापूर्वी तिचा पंप मोडावा, लेबल खरवडून काढावे आणि खोका फाडून टाकावा.