दादा, बनवाबनवी झाली, आता हे घे! 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' (४के) बघून आल्यावर

जुने सिनेमे आणि कार्टूनचे रिव्ह्यू करणारा एक दादा आहे, त्याचे सगळे व्हिडिओ मी बघते, अगदी भांडी घासताना फोन खिडकीत टेकवून ठेवून बघते. त्यानं मागे विचारलं होतं की पुढचं काय घेऊ, सुचवा. मग काय, धडाधड नावं आली. बनवाबनवी, झपाटलेला, टॉम अँड जेरी, डकटेल्स, परत बनवाबनवी. मला ही सगळी आवडतात, तात्या विंचू दिसला की आजही माझा जीव घाबरा होतो आणि रामदास पाध्येंच्या हातातली ती कला थोरच आहे, पण त्यावर आता बोलायचं किती शिल्लक राहिलंय? म्हणून मी माझं एकच नाव लिहिलं, आणि ते का लिहिलं हे दोन ओळीत मावेना, म्हणून हा सगळा रिव्ह्यू.

नाव आहे 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा'. जपानी लोकांनी आपल्या लोकांसोबत मिळून केलेलं १९९२ चं कार्टून. म्हणजे कार्टून म्हणायला पण जीभ अडखळते, सव्वादोन तासांचा पूर्ण सिनेमा आहे हा. २४ जानेवारी २०२५ ला तो ४के, म्हणजे चित्र एकदम स्वच्छ आणि बारीक दिसेल असा करून आपल्याकडे थिएटरमध्ये लागला तेव्हा मी आईला आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकीला घेऊन गेले. आमच्या भागात एकच शो होता, तोही सकाळी, तिघी आंघोळी उरकून नुसता चहा पिऊन पळालो.

आधी माझं नातं सांगते. साताऱ्याला आमच्याकडे केबल नव्हती, शेजारच्या काकूंकडे होती, आणि सुट्टीत कार्टून नेटवर्कवर हा सिनेमा लागला की काकू भिंतीवर हात आपटून हाक मारायच्या, "आलंय गं रामायण!" मग आम्ही चार-पाच पोरं त्यांच्या फरशीवर. टीव्ही छोटा, रंग जरा हिरवट मारायचे, मधे जाहिराती, तरी कोणी उठायचं नाही. तेव्हा हे कुणी काढलंय वगैरे डोक्यात पण आलं नव्हतं, राम आपला म्हणजे सिनेमा पण आपलाच असणार.

आणि तो बनला कसा ती गोष्टच वेगळी आहे. युगो साको नावाचे जपानी डॉक्युमेंटरीवाले १९८३ मध्ये इकडे पुरातत्त्वज्ञ डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर फिल्म करायला आले होते. तिथे त्यांना रामायण भेटलं आणि ते इतकं आवडलं की जपानीत मिळतील तेवढी भाषांतरं मिळवून त्यांनी वाचली आणि ठरवलं की यावर ॲनिमेशनच करायचं, कारण राम माणूस पण आहे आणि देव पण, नटापेक्षा चित्रात तो जास्त खरा दाखवता येईल असं त्यांचं म्हणणं. मग इकडून विरोध झाला, परदेशी माणूस आमच्या रामायणावर सिनेमा कसा काय करतो म्हणून. तो गैरसमज पुढे दूर झाला पण सरकारकडून साथ काही मिळाली नाही, आणि शेवटी काम झालं जपानमध्ये. साकोंसोबत दिग्दर्शनाला कोइची सासाकी आणि आपले राम मोहन.

राम मोहन हे नाव या दादाच्या एकाही व्हिडिओत मी ऐकलेलं नाही आणि मला ते फार लागतं. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ ला डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स शिकवायला आले, त्यांच्या हाताखाली तयार झालेली ही पिढी. भारतीय ॲनिमेशनचे वडील म्हणतात त्यांना. युनिसेफची 'मीना' आठवते का, पोपटवाली, शाळेत जाऊ द्या म्हणणारी? ती पण त्यांचीच. जपानी चित्रकारांना धोतर कसं नेसतात, पाया पडताना कसं वाकतात, मोठी माणसं आशीर्वाद देताना हात कसा ठेवतात हे आपल्या लोकांनी समजावून सांगितलं. पडद्यावर ते दिसतं. आई शेजारी बसून कानात म्हणाली, "अगं हे लोक नमस्कार बरोबर करतायत." जपानमध्ये काढलेल्या चित्राबद्दल माझी आई हे म्हणते, यापेक्षा मोठी पावती काय असणार.

आता सिनेमाबद्दल. साडेचारशेच्या आसपास कलाकार आणि जवळपास एक लाख हातानं काढलेली चित्रं, असा सगळा पसारा आहे. ४के मध्ये पहिल्यांदा कळलं की जंगल म्हणजे नुसता हिरवा पट्टा नाहीये, पाठीमागची झाडं रंगाच्या ब्रशनं थरावर थर देऊन काढलेली आहेत, काही ठिकाणी कागदाचा पोत जाणवतो. काकूंच्या टीव्हीवर हे काहीच दिसलं नव्हतं. विश्वामित्र दशरथाकडे येतात तिथपासून गोष्ट सुरू होते आणि युद्ध संपेपर्यंत ती पळतच राहते. सोन्याच्या हरणापर्यंत माझी लेक माझ्या मांडीवर होती आणि कुंभकर्ण उठला तेव्हा ती उभीच राहिली. तो सीन दादानं फ्रेम फ्रेम थांबवून दाखवावा ही माझी हात जोडून विनंती. कुंभकर्ण केवढा आहे हे नुसतं मोठं चित्र काढून दाखवलेलं नाही, तो सावकाश हलतो, पाय टेकायला वेळ लागतो, आणि त्याच्या भोवती वानर मुंग्यांसारखे उडतात, म्हणून वजन कळतं. आजकालच्या कंप्युटरवाल्या राक्षसांना हे वजनच नसतं बघा, सगळे हवेत तरंगल्यासारखे पळतात.

लंकादहन पण तसंच, आग हाताने काढलेली म्हणून ती जिवंत वाटते.

बऱ्याच ठिकाणी लोक लिहितात की हा जिबलीचा, म्हणजे जपानच्या त्या प्रसिद्ध ॲनिमेशन स्टुडिओचा सिनेमा आहे. नाही. तो निप्पॉन रामायण फिल्म नावाच्या कंपनीनं केलाय, ती याच सिनेमासाठी होती. दादा, रिव्ह्यू केलास तर हे पहिल्या मिनिटातच सांग, कारण जिबली म्हटलं की राम मोहनांचं नाव परत मागे पडतं.

आता जे आवडलं नाही ते. आवाज. जुन्या हिंदी डबिंगमध्ये रामाला अरुण गोविल, सीतेला नम्रता साहनी, निवेदनाला शत्रुघ्न सिन्हा, आणि रावणाला अमरीश पुरी होते. अमरीश पुरींचा रावण! तो आवाज आमच्या पिढीच्या कानात शिसं ओतल्यासारखा बसलाय. आत्ता थिएटरमध्ये लागलं ते हिंदी डबिंग नवीन होतं. कलाकारांनी काम मन लावून केलंय, शब्द स्वच्छ आहेत, माझ्या लेकीला काहीच खटकलं नाही, पण रावणानं तोंड उघडलं आणि मी ज्या आवाजाची वाट बघत होते तो आलाच नाही, माझं मन तिथे पाच-दहा मिनिटं बाहेरच राहिलं. जुना आवाज साफ करून एका तरी शोला लावायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. संगीत मात्र वनराज भाटियांचं, आणि इंग्रजी आवृत्तीत गाणी संस्कृतमध्येच ठेवली आहेत, ती एकदा कानाला हेडफोन लावून ऐका. अमेरिकेत जी आवृत्ती निघाली तिच्यात रामाचा आवाज ब्रायन क्रॅन्स्टनचा आहे, तोच तो, ब्रेकिंग बॅडमधला मास्तर. दादाला अशा गोष्टी सांगायला आवडतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरी तक्रार मोठी आहे. यावेळी हिंदी, तमिळ, तेलुगू, इंग्रजी अशा भाषा होत्या. मराठी नव्हती. आईला हिंदी कळतं पण माझ्या सासूबाईंना पटपट बोललेलं हिंदी झेपत नाही, त्या आल्याच नाहीत. गीतरामायण पाठ असलेल्या बाईला रामायण तिच्या भाषेत बघायला मिळू नये हे वाईट आहे. आपल्याकडे डबिंगचे इतके चांगले आवाज आहेत, नाटकातली माणसं आहेत, कुणीतरी हे हातात घ्यावं.

तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा आवाजासाठी कापला.

याच्या जोडीला अजून दोन नावं दादाला देते, फार लांबवत नाही. 'जंगल बुक' तर सगळे सुचवतात, पण तेवढं चड्डीवालं गाणं वाजवतात आणि डोळे पुसतात, झालं. ती मालिका पण जपानचीच, निप्पॉन ॲनिमेशनची, ५२ भाग, आपल्या दूरदर्शनवर १९९३ ला रविवारी यायची, गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची, आणि शेरखानला आवाज कुणाचा तर आपल्या नाना पाटेकरांचा. त्या आवाजावर कुणी पूर्ण दहा मिनिटं का बोलत नाही? वाघ ओरडत नाही त्यात, हळू बोलतो, म्हणून भीती वाटते.

आणि 'एक अनेक और एकता'. हे सुचवणारं मी अजून कुणी बघितलं नाही. १९७४ ची फिल्म, सात मिनिटांची, बहीण भावाला चिमण्या आणि जाळ्याची गोष्ट सांगते ती. दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मधे कधीही लागायची म्हणून सगळ्यांनी बघितलीय आणि कुणाला नाव माहीत नाही. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, म्हणजे अभिनेत्री सुहासिनी मुळेंच्या आई. चित्रं भीमसेन यांची. संगीत वसंत देसाईंचं. आणि त्यातला लहान मुलीचा गाणारा आवाज साधना सरगमचा, तेव्हा त्या अगदी लहान होत्या. एवढी आपली माणसं एका सात मिनिटांच्या फिल्ममध्ये आहेत, आणि आपण डकटेल्सच्या टायटल साँगवर व्हिडिओमागून व्हिडिओ करतोय. विजया मुळे आणि राम मोहन दोघंही २०१९ मध्ये गेले. साको तर २०१२ लाच गेले, ४के चे शो त्यांना बघायला मिळाले नाहीत.

म्हणून दादा, व्हिडिओ केलास तर बालपणाच्या आठवणी पाच मिनिटांत उरक, त्या आमच्याकडे आहेतच. बाकीचा वेळ चित्रं दाखव. कोण काढत होतं, कुठे बसून काढत होतं, धोतराची घडी कशी हलते, ते दाखव. सिनेमातून बाहेर पडल्यावर लेक काहीच बोलली नाही, मला वाटलं कंटाळली, आणि घरी गेल्यावर वहीच्या मागच्या पानावर तिनं कुंभकर्ण काढला. पानभर एकच पाय काढलाय, बाकीचा मावला नाही म्हणाली, आणि खाली कोपऱ्यात सात-आठ ठिपके. ते वानर आहेत.